सात बोटांचा पुढारी : द्राक्षबागेतल्या परमुलखी मजुरांचे लॅरी इटलिओंग

(२५ ऑक्टोबर, जयंतीनिमित्त)

सध्या आपल्या भागात ऑक्टोबर छाटणीची धांदल आहे. निफाड, दिंडोरीच्या बागांत पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या उतरल्यात. कुणी कात्री चालवतंय, कुणी काडीला पेस्ट लावतंय. नेमक्या याच दिवसांत, म्हणजे २५ ऑक्टोबरला, एका द्राक्षमजुराची जयंती असते. आपल्याकडे त्यांचं नाव फार कुणी ऐकलेलं नाही. पण अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २५ ऑक्टोबर हा दिवस सरकारनेच त्यांच्या नावाने जाहीर केलाय. त्यांचं नाव लॅरी इटलिओंग.

मी स्वतः बागायतदार आहे. रोज घेणारा नाही, रोज देणारा. त्यामुळे ही गोष्ट मला बांधाच्या पलीकडची आहे. पण वाचायला लागलो तर छाटणी, घड, पेटी, मुकादम, टोळी, सगळं ओळखीचं निघालं. म्हणून म्हटलं, आपल्या वाचकांपुढे ठेवावी.

इटलिओंग मूळचे फिलिपिन्सचे. हा आपल्या पूर्वेकडचा, हजारो बेटांचा देश. त्यातल्या पांगासिनान प्रांतात सान निकोलास नावाच्या गावी १९१३ साली त्यांचा जन्म झाला. घरचं नाव मोडेस्टो. सहा भावंडं, शिक्षण जेमतेम सहावीपर्यंत. त्या काळी आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं, तसं फिलिपिन्सवर १८९८ पासून अमेरिकेचं. शाळेत इंग्रजी, पुस्तकात अमेरिकेच्या लोकशाहीच्या गोष्टी. पोराच्या डोक्यात बसलं की तिकडे जायचं, शिकायचं आणि वकील व्हायचं. १९२९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा पोरगा बोटीत बसून अमेरिकेला पोचला.

वेळ मात्र वाईट निवडली. त्याच वर्षी तिकडे महामंदी सुरू झाली. वकिली राहिली बाजूला आणि पोरगं लागलं मजुरीला. कुठे लेट्यूसचा पाला कापायचा, कुठे रेल्वेचं काम, उन्हाळ्यात उत्तरेला अलास्कात जाऊन मासे डबाबंद करायच्या कारखान्यात राबायचं. अशाच कामात अपघात होऊन एका हाताची तीन बोटं गेली. तेव्हापासून लोक त्यांना सात बोटांचा लॅरी म्हणायला लागले. ते नाव शेवटपर्यंत टिकलं आणि त्यांनीही ते कधी लपवलं नाही. तोंडात सिगार, पत्त्यांचा नाद, बोलणं रोखठोक. फिलिपिन्समधल्या अनेक बोली त्यांना यायच्या, शिवाय स्पॅनिशही. हा भाषेचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता त्या वेळचे फिलिपिनो मजूर तिकडे कसे राहत होते ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

१९२० आणि ३० च्या दशकात हजारो तरुण फिलिपिनो असेच अमेरिकेला गेले. जवळजवळ सगळे पुरुष, बायका फारच थोड्या. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांना गोऱ्या बाईशी लग्न करायला बंदी होती. ती बंदी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली उठवली. तोपर्यंत या लोकांची उमेदीची वर्षं निघून गेली होती. नागरिकत्व मिळत नव्हतं आणि ते नाही म्हणून जमीन घेण्याची वाट बंद. १९३० च्या जानेवारीत वॉटसनविल या गावात गोऱ्यांच्या जमावाने चार-पाच दिवस फिलिपिनोंवर हल्ले केले. मजुरांच्या खोल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात २२ वर्षांचा एक मजूर ठार झाला. कारण काय, तर हे लोक आमची कामं खातात आणि आमच्या पोरींबरोबर नाचतात.

१९३४ ला तर कमालच झाली. अमेरिकेने कायदा केला की दहा वर्षांनी फिलिपिन्सला स्वातंत्र्य देऊ. ऐकायला बरं. पण त्याच कायद्याने अमेरिकेत राहणारे फिलिपिनो एका रात्रीत परके ठरले आणि नवीन येणाऱ्यांची संख्या वर्षाला ५० वर आणली. पुढच्याच वर्षी सरकारने सांगितलं की परत जायचं असेल तर बोटीचं तिकीट आम्ही काढतो, फक्त गेल्यावर पुन्हा यायचं नाही. फार थोडे गेले. बाकीचे राहिले, मिळेल ते काम करत.

इथे आपलाही एक धागा आहे. फिलिपिनोंना अमेरिकेचं नागरिक होण्याची मुभा देणारा कायदा १९४६ च्या जुलैत झाला, त्याच कायद्याने भारतीयांनाही ती मुभा मिळाली. वर्षाला १०० भारतीय आणि १०० फिलिपिनो, एवढीच दारं उघडली. आज आपल्या जिल्ह्यातली किती पोरं अमेरिकेत आहेत! त्या दाराची पहिली फट ही.

तर हे लोक शेतातल्या लेबर कॅम्पात राहायचे. मालकाने बांधलेल्या लाकडी खोल्या, एकेका खोलीत अनेक खाटा, एक सामाईक स्वयंपाकघर. बायको नाही, पोरं नाहीत, तर टोळी हेच घर. वसंतात स्टॉकटनला अ‍ॅस्पॅरॅगस नावाची कोंबाची भाजी काढायची. मेमध्ये वाळवंटातल्या कोचेलाला द्राक्षाला जायचं, कारण तिथे माल सगळ्यात आधी येतो. मग द्राक्ष पिकत जाईल तसं उत्तरेला सरकत डिलेनोपर्यंत. मधल्या काळात काही जण अलास्कात. आपले ऊसतोडवाले जसे दसऱ्यानंतर बिऱ्हाड घेऊन निघतात, तसंच वर्ष. फरक एवढाच की ऊसतोडवाल्याला परत जायला गाव असतं. यांचं गाव समुद्रापलीकडे राहिलं.

त्यांच्या भाषेत मोठ्या भावाला मानोंग म्हणतात, आपण दादा किंवा अण्णा म्हणतो तसं. हे मजूर म्हातारे होत गेले तसे सगळ्यांचे मानोंग झाले.

संपात पडले ते सुटलेच नाहीत

इटलिओंग यांनी पहिला संप पाहिला तो १९३० साली, वॉशिंग्टन राज्यात लेट्यूस काढणाऱ्या मजुरांचा. वय जेमतेम सतरा. तेव्हापासून संघटनेचं काम त्यांनी सोडलं नाही. अलास्काच्या कारखान्यातल्या मजुरांची युनियन बांधायला ते होते. मधे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराच्या वाहतूक बोटीवर खानसाम्याच्या खात्यात काम केलं. १९४८ ला स्टॉकटनचा मोठा अ‍ॅस्पॅरॅगस संप झाला, त्यात ते होते. १९५६ मध्ये स्टॉकटनलाच त्यांनी फिलिपिनो शेतमजुरांची वेगळी युनियन काढली. १९५९ ला अमेरिकेतल्या मोठ्या कामगार महासंघाने शेतमजुरांसाठी समिती नेमली, तेव्हा फिलिपिनोंना गोळा करायला इटलिओंग यांनाच घेतलं. गाडी काढायची, कॅम्पाकॅम्पात जायचं, पत्ते खेळायचे, जेवायचं आणि बोलता बोलता सभासद करायचे. वीस-पंचवीस वर्षं त्यांनी हेच केलं.

शेतमजुराची युनियन बांधणं तिकडे एवढं अवघड का होतं, तेही सांगतो. १९३५ साली अमेरिकेत युनियनला संरक्षण देणारा मोठा कायदा झाला. मालकाने युनियनशी बोललंच पाहिजे असं त्यात होतं. पण शेतमजूर आणि घरकाम करणारे त्यातून वगळले. किमान वेतनाचा कायदा आला, त्यातूनही शेतमजूर वगळले. म्हणजे कारखान्यातल्याला हक्क होता आणि त्याच्या ताटात भाजी पोचवणाऱ्याला नव्हता.

दुसरी अडचण म्हणजे बदली मजूर. १९४२ ला अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात करार झाला आणि मेक्सिकोतून कंत्राटावर मजूर आणायला सुरुवात झाली. त्यांना ब्रासेरो म्हणत. १९६४ पर्यंत असे पंचेचाळीस लाखांहून जास्त करार झाले. इथल्या मजुराने आवाज केला की मालक ब्रासेरो आणायचा. ब्रासेरोने आवाज केला की त्याला सीमेपलीकडे सोडायचा. बरं, पूर्वी हेच दुसऱ्या रंगात झालं होतं. आधी चिनी आणले, ते नको झाले म्हणून जपानी, मग फिलिपिनो, मग मेक्सिकन. प्रत्येक वेळी नवा आलेला जुन्यापेक्षा स्वस्त. कॅम्पही वेगळे ठेवायचे, फिलिपिनोंचा इकडे, मेक्सिकनांचा तिकडे. एकाने संप केला की दुसऱ्याला कामावर बोलवायचं. हे चक्र मालकांना तोंडपाठ होतं आणि इटलिओंग यांनाही.

पंधरा सेंटचा प्रश्न

१९६४ च्या शेवटी ब्रासेरो योजना बंद झाली. तरी कोचेलाच्या मालकांना १९६५ च्या हंगामासाठी थोडे परदेशी मजूर हवे होते. सरकारने अट घातली की बाहेरून माणूस आणायचा तर त्याला ताशी १ डॉलर ४० सेंट द्यावे लागतील. आणि तिथेच वर्षानुवर्षं राबणाऱ्या फिलिपिनोंना मिळत होते १ डॉलर २५ सेंट, स्थानिक मेक्सिकनांना त्याहून कमी. मग मानोंग म्हातारे पेटले. नव्याला चाळीस आणि आम्हाला पंचवीस का?

मे १९६५ मध्ये इटलिओंग यांनी कोचेलात संप पुकारला. दहा दिवसांत मालक नमले आणि १ डॉलर ४० चा दर मिळाला.

द्राक्षवाल्यांना कारण लगेच कळेल. कोचेलाचा हंगाम छोटा आणि पहिल्या मालाला भाव तेज. घड वेलावर थांबत नाही. आठ दिवस उशीर झाला की मालाचं मातेरं आणि भावही पडलेला. तिथे पंधरा सेंटसाठी बाग घालवणारा मालक वेडाच म्हणायचा. डिलेनोचं तसं नव्हतं. तिथे बागा अवाढव्य, हंगाम लांबलचक, मालकांकडे थांबायची ताकद. त्यामुळे त्याच टोळ्या सप्टेंबरला डिलेनोला पोचल्या तेव्हा मालकांनी पुन्हा जुनाच दर पुढे केला. इटलिओंग यांनी मालकांना पत्रं पाठवली, बोलायला बसू म्हणाले. कुणी आलं नाही.

७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री डिलेनोच्या फिलिपिनो हॉलमध्ये सभा भरली. इटलिओंग यांच्यासोबत फिलिप वेरा क्रूझ, पीट वेलास्को, बेन गिनेस हे साथीदार होते. समोर बसलेले बहुतेक पन्नाशी-साठीचे. त्यांच्याकडे शिल्लक नाही, कुटुंब नाही, आणि राहायची खोली मालकाची. संप म्हणजे रोज तर गेलाच, छप्परही गेलं. तरी हात वर झाले. मागणी ठरली ताशी १ डॉलर ४० सेंट, वर पेटीमागे २५ सेंट आणि युनियनला मान्यता. (त्या वेळी डॉलर पावणेपाच रुपयांचा, म्हणजे ताशी साडेसहा-पावणेसात रुपये. आपल्याला आकडा मोठा वाटेल, पण भाकरीही तिथल्याच भावाची.)

८ तारखेला सकाळी मजूर शेतात गेलेच नाहीत. कॅम्पातच बसून राहिले. हजाराहून जास्त माणसं.

मग मालकांनी कॅम्पांचा गॅस, वीज, पाणी तोडलं. सामान बाहेर फेकलं. ज्यांनी वीस-वीस वर्षं एकाच मालकाकडे काढली, ज्यांनी त्याच्या वेलाचं प्रत्येक वळण हाताने दिलं, ते म्हातारे रस्त्यावर आले. मालक काही सगळे राक्षस नव्हते, हे मी बागायतदार म्हणून सांगतो. त्यातले कितीतरी स्वतः क्रोएशिया, इटलीतून आलेल्या गरीब घरांतले, कष्टानेच मोठे झालेले. त्यांनाही भाव सुपरमार्केटवालेच ठरवून देत. पण तोटा कुठे कापायचा असा प्रश्न आला की नजर आधी मजुराच्या रोजावर जाते. हे तिथेच होतं असं नाही.

आणि मग ठरलेलं दुसरं पाऊल. मालकांनी मेक्सिकन मजूर कामावर बोलावले. संपफोडे मिळाले की संप संपला, आजवर हेच झालं होतं.

दुसऱ्याच्या दारात

इथे इटलिओंग यांनी जे केलं, त्यासाठी मी हा लेख लिहितोय.

डिलेनोतच सीझर चावेझ यांची मेक्सिकन शेतमजुरांची संघटना होती, १९६२ साली काढलेली. डोलोरेस ह्युएर्ता त्यांच्या सोबत. त्या आधी स्टॉकटनला काम करायच्या, इटलिओंग यांना ओळखायच्या. चावेझ यांचा हिशोब असा होता की अजून दोन-तीन वर्षं संघटना बांधायची, मगच संपाचं बघू. तिजोरीत पैसा नव्हता. लोक नवे होते.

इटलिओंग त्यांच्याकडे गेले. म्हणणं साधं होतं. आज तुमची माणसं आमच्या जागी कामाला गेली तर आम्ही संपलो, आणि उद्या तुम्ही संप कराल तेव्हा आमची माणसं तुमच्या जागी जातील. दोघंही परमुलखातून आलेले, दोघांचा मालक एक, मग बांध कशाला? या माणसाने तीस-पस्तीस वर्षं संप केले होते. तरी आपल्याहून तेरा-चौदा वर्षांनी लहान असलेल्याच्या दारात जाऊन मदत मागायला त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे दोन गावच्या दोन संघटना एका मंडपात बसायच्या तर आधी खुर्च्यांवरून भांडण होतं, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

१६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी डिलेनोच्या चर्चच्या हॉलमध्ये मेक्सिकन मजुरांची सभा झाली आणि त्यांनीही संपाचा कौल दिला. फिलिपिनो आणि मेक्सिकन मजूर द्राक्षबागेबाहेर एकत्र उभे राहिले. आता मालकाला बोलवायला तिसरा उरला नाही.

सोपं गेलं असं नाही. इतकी वर्षं एकमेकांकडे संशयाने बघितलेलं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, देव-धर्म तेवढा एकच कॅथलिक. फिलिपिनो हॉलमध्ये सामाईक भटारखाना चालू झाला. फिलिपिनो आचारी मोठ्या पातेल्यांत भात, मासे, भाज्या शिजवायचे आणि रोज शेकडो माणसं एका पंगतीला बसायची. इटलिओंग यांची स्पॅनिश इथे उपयोगी पडली. माझं मत विचाराल तर सभेतल्या ठरावापेक्षा या भटारखान्याने जास्त काम केलं.

नंतरच्या घडामोडी जगाला माहीत आहेत, म्हणून थोडक्यात. १९६६ च्या वसंतात डिलेनोहून राज्याची राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत पायी मोर्चा निघाला. सुमारे तीनशे मैल, म्हणजे जवळपास पाचशे किलोमीटर. ऑगस्ट १९६६ ला दोन्ही संघटना एक झाल्या. प्रमुख चावेझ, दोन नंबरला इटलिओंग. चावेझ यांच्यासमोर आपल्या गांधीजींचा आदर्श होता, मारामारी करायची नाही हा दंडक होता. १९६८ ला त्यांनी २५ दिवस उपास केला. वर्तमानपत्रांचे फोटो त्यांच्याकडे वळले आणि इटलिओंग हळूहळू मागच्या रांगेत दिसायला लागले.

संप तर सुरू होता, पण मालक दुसरीकडून माणसं आणून माल काढतच होते. तेव्हा लढाई बागेतून बाजारात नेली. कॅलिफोर्नियाची खायची द्राक्षं विकत घेऊ नका, असं शहरातल्या लोकांना सांगायचं. या बहिष्काराची देशभरची जुळणी इटलिओंग यांच्याकडे होती. संपातली माणसं गाड्यांत बसून न्यूयॉर्क, शिकागोसारख्या शहरांत गेली, दुकानासमोर उभी राहिली, बायाबापड्यांना समजावलं. ज्यांनी आयुष्यात बागेबाहेर पाऊल टाकलं नव्हतं ते बर्फात फलक धरून उभे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरात तर आधीच, १९६५ च्या शेवटी, गोदी कामगारांनी संपातल्या बागांच्या पेट्या बोटीवर चढवायला नकार दिला होता. उलट बाजूने अमेरिकेच्या संरक्षण खात्याने व्हिएतनाममधल्या सैनिकांसाठी द्राक्षांची खरेदी वाढवली. म्हणजे दुकानात खपेना ते द्राक्ष फौजेला.

या दिवसांत एक मानोंग, पाउलो अग्बायानी, बागेबाहेर पहारा देता देता हृदय बंद पडून गेले. १९६७ ची गोष्ट. हे नाव पुन्हा येणार आहे.

पाच वर्षं लागली. २९ जुलै १९७० ला डिलेनोच्या मोठ्या मालकांनी युनियनच्या हॉलमध्ये येऊन करारावर सह्या केल्या. सुरुवातीची मजुरी ताशी १ डॉलर ८० सेंट, वर पेटीमागे जादा. मजुरांच्या दवाखान्यासाठी मालकाने पैसे भरायचे. आणि फवारणीबद्दलचं कलम. काही घातक औषधं, त्यात डीडीटी आलं, मजूर काम करतात त्या बागेत वापरायची नाहीत. हे कलम वाचताना मी जरा थांबलो. आपण निर्यातीच्या मालासाठी औषधाचे अवशेष किती राहिले याची तपासणी करतो, कारण युरोपातलं गिऱ्हाईक विचारतं. पंप पाठीवर घेऊन फिरणाऱ्याच्या अंगात किती गेलं, ते कुणी विचारत नाही. त्या लोकांनी १९७० ला ते कागदावर आणलं.

जिंकल्यावर काय झालं

गोष्ट इथे संपली असती तर गोड झाली असती. तसं झालं नाही.

नव्या करारात एक मोठा बदल होता. मजूर मुकादमामार्फत नाही, तर युनियनच्या कार्यालयातून कामावर पाठवायचे. उद्देश चांगला होता, मुकादमाची दादागिरी मोडायची. पण फिलिपिनोंची रचनाच टोळीची होती. एक टोळी, एक मुकादम, एक कॅम्प, वर्षानुवर्षं एकच मालक. आता नंबर लागेल तसं पाठवायला लागल्यावर या जुन्या टोळ्या फुटल्या. साठी-पासष्टीच्या म्हाताऱ्यांना ओळखीची बाग आणि सोबती सोडून भलतीकडे जावं लागलं. संप ज्यांनी सुरू केला त्यांनाच त्याच्या फळाचा त्रास. संख्येने मेक्सिकन सभासद कितीतरी जास्त, त्यामुळे सभा त्यांच्या भाषेत, निर्णय त्यांच्या सोयीने. मुद्दाम कुणी केलं असं मी म्हणत नाही. पण मागच्या रांगेतल्याचं ऐकू येईनासं झालं, हे खरं.

इटलिओंग यांनी आत राहून हे मांडलं. निर्णय वरच्या वर होतात, भोवतीचे सल्लागार ठरवतात, म्हाताऱ्या मानोंगांचं कुणी बघत नाही, ही त्यांची तक्रार होती. ऐकलं गेलं नाही तेव्हा ऑक्टोबर १९७१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वेरा क्रूझ आणि वेलास्को संघटनेतच राहिले. बाहेर पडल्यावर इटलिओंग यांनी युनियन फोडली नाही, दुसरी युनियन काढून मालकांच्या मांडीवरही बसले नाहीत. आपल्याकडचा अनुभव बघता हे नोंदवायला हवं. त्यांनी फिलिपिनोंच्या राजकीय संघटनेचं काम धरलं आणि म्हाताऱ्या मजुरांच्या निवाऱ्यासाठी झटत राहिले.

तो निवारा झाला. युनियनने डिलेनोजवळच्या आपल्या जागेवर घरं बांधली आणि १९७४ ला ती उघडली. बांधायला देशोदेशीचे हजारो लोक फुकट राबले. खोल्या, सामाईक स्वयंपाकघर, बसायला मोठा हॉल. पहाऱ्यावर गेलेल्या पाउलो अग्बायानी यांच्या नावावरून त्याला अग्बायानी व्हिलेज म्हणतात. १९६५ ला ज्यांचं सामान कॅम्पाबाहेर फेकलं होतं, त्यातल्या काही मानोंगांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली. दाराला आतून कडी असलेली.

इटलिओंग यांना मज्जातंतूंचा असाध्य आजार जडला. स्नायू एकेक करून काम करेनासे होतात, असा तो रोग. ८ फेब्रुवारी १९७७ ला डिलेनोतच त्यांचं निधन झालं. वय ६३. मागे सात मुलं. वकील व्हायचं राहूनच गेलं.

त्यानंतर बरीच वर्षं त्यांचं नाव पुस्तकात नव्हतं. द्राक्षसंप म्हटलं की चावेझ, एवढंच पोरांना शिकवलं जायचं. कॅलिफोर्नियातल्या फिलिपिनो लोकांनी नेट लावला तेव्हा २०१३ ला कायदा झाला की शेतमजूर चळवळीतला फिलिपिनोंचा वाटा शाळेत शिकवायचा. २०१५ मध्ये २५ ऑक्टोबर हा लॅरी इटलिओंग दिन ठरला. युनियन सिटी नावाच्या गावात एका शाळेला इटलिओंग आणि वेरा क्रूझ अशा दोघांचं मिळून नाव दिलंय. मजुरांच्या नावाची शाळा, तीही सहावी शिकलेल्या माणसाच्या.

ज्या फिलिपिनो हॉलमध्ये ७ सप्टेंबर १९६५ च्या रात्री हात वर झाले, तो डिलेनोत अजून उभा आहे.